भाववाचक कापूस

सोमवार, १४ जुलै

आज नामांना हात घातला. सातवी 'अ', सेमी इंग्रजी, एकेचाळीस पोरं आणि पंखा एकच. प्रॉपर नाऊन सांगा म्हटलं तर स्वरालीनं स्वतःचं नाव सांगितलं, मग आईचं, मग कुत्र्याचं. कुत्र्याचं नाव 'वकीलसाहेब'! म्हणे, "दिवसभर भुंकते मॅडम, पन चावत नाही कोनाले." मी गंभीर चेहऱ्यानं फळ्यावर इंग्रजीत वकीलसाहेब लिहिलं, पहिलं अक्षर मोठं काढून. कलेक्टिव्ह नाऊन म्हटल्याबरोबर तिचाच हात वर — "कलेक्टर हापिसातलं का?" धन्य आहे!

धामणगावहून यंदा आलेली आरती मात्र गप्प. शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले, हजेरीचं 'यस मॅडम' सोडून शब्द नाही. उद्या हिला बोलतं करायचंच.

मंगळवार, १५ जुलै

बोलली! आणि मीच घाण केली.

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नाऊन शिकवत होते. मराठीत याला भाववाचक नाम म्हणतात, एक उदाहरण द्या, असं म्हटलं. आरतीचा हात वर. माझा जीव सुपाएवढा झाला. ती उभी राहिली आणि खणखणीत म्हणाली, "कापूस!"

"कापूस कसा गं?"

"त्याले भाव असते ना, मॅडम. तुरीले बी असते."

वर्ग फुटला. आणि खरं लिहायचं तर सगळ्यांत आधी मी फुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग पदर सावरून व्याख्या लिहून दिली — जे दिसत नाही, हाताला लागत नाही, नुसतं कळतं, ते भाववाचक.

पाहिलं तर आरती बसलेली होती. मान खाली.

बुधवार, १६ जुलै

आज 'यस मॅडम'सुद्धा नाही. नुसता हात वर केला.

रविवार, २० जुलै. अकोला

शनिवार-रविवार घरी आले. जेवताना कापसाचा किस्सा रंगवून सांगितला, आरतीचा आवाज काढून. बाबा खो खो हसले. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"तू बी हासली?"

"अगं, उत्तरच तसं होतं!"

"पाचवीत तू 'मले खडू द्या' मनलं, तवा तुह्या बाई हासल्या होत्या. आठ दिवस शाळेत गेली नाही तू. इसरली?"

विसरले होते. पुण्याला बी.एड. करून आले ती 'मले' तिकडेच ठेवून आले. शाळेत कोणाला वाटत नाही मी अकोल्याची आहे. याचा मला अभिमानही होता, काय सांगू!

सोमवार, २१ जुलै

मोठ्या बाईंनी, म्हणजे ललिताबाईंनी, ऑफिसात बोलावलं. "ती धामणगावची मुलगी तोंड उघडत नाही म्हणे. सेमी झेपत नसेल तिला. शुक्रवारी मी स्वतः तोंडी घेते. नाही बोलली तर मराठी माध्यमाच्या 'ब' तुकडीत टाकू."

माझ्यामुळे गप्प झालीय, हे सांगायला माझंही तोंड उघडलं नाही. आम्ही दोघी सारख्याच.

गुरुवार, २४ जुलै

सगळे उपाय करून झाले. सोपे प्रश्न विचारले, वहीवर चांदणी काढली, पेरू दिला. (तो स्वरालीनं खाल्ला.) आज वर्गात म्हटलं, "कापूस हे मटेरियल नाऊन आहे, आरतीचं उत्तर अर्धं बरोबर होतं." आरतीनं वहीत लिहून घेतलं. बस.

एक सोडून सगळं केलं. ते एक काय, मला माहीत आहे. पोरांसमोर कसं म्हणायचं?

शुक्रवार, २५ जुलै

ललिताबाईंनी वर्गातच तोंडी घेतली. "आरती, भाववाचक नाम सांग."

आरती उभी राहिली. ललिताबाईंनी शेरा लिहायला पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात —

"लाफ्टर. हसणं."

"कसं?"

आरती माझ्याकडे पाहत होती. "दिसत नाही. हाताले लागत नाही. पन लागते."

ललिताबाईंनी टोपण परत लावलं. "राहू दे हिला इथंच," म्हणाल्या.

माझ्या तोंडून निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. "माह्यं चुकलं वं, आरती. मी हासाले नोतं पायजे."

आरतीनं डोळे पुसले. मग म्हणाली —

"मॅडम, तुमी इकडच्याच हा का?"