पाणमांजर ओलं दिसत नाही

४ मार्च

परत आलं चित्र! पुन्हा. संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "गोड आहे हो तुमचं पाणमांजर, पण ओलं नाही वाटत. टॉवेलनं पुसून नदीत सोडल्यासारखं वाटतंय."

खरं आहे. लांडगे, अस्वलं, साळिंदरं — मुलांच्या पुस्तकांसाठी इतकी जनावरं काढली, पण रानात एकही पाहिलेलं नाही. सगळी फोटोंवरून. नाहीतर प्राणिसंग्रहालयातली, जाळीआडची. तिथलं पाणमांजर सिमेंटच्या हौदाभोवती नुसतं गोल गोल फिरत होतं. मी तेच काढत बसलेय बहुतेक.

५ मार्च

आईंना, म्हणजे सासूबाईंना, चित्र दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मांजर आहे की उशी?"

हसून हसून पोट दुखलं. ह्यांच्या मागं घरात आम्ही दोघीच. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांचं सगळं जग म्हणजे पलंग ते खुर्ची, खुर्ची ते पलंग. उचलणारी मी. पण बोलायला लागल्या की मीच मागे पडते.

९ मार्च

संपादकबाईंचा फोन. त्या आणि पुस्तकाचे लेखक तीन दिवस वरच्या अंगाला नदीकाठी जाणार आहेत. वनखात्याची झोपडी आहे. तिथल्या वनरक्षकाला पाणमांजरांचं बीळ ठाऊक आहे. "तुम्ही या. याच!"

"बघते" म्हणाले. माझं "बघते" म्हणजे "नाही" — हे आता त्यांनाही कळतं.

दिवसभर डोक्यात नुसतं पाणी. ब्रश धुताना पाणी, आईंचं अंग पुसताना पाणी. किती वर्षांची इच्छा आहे ही! हे होते तेव्हा दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की जाऊ रानात." तोंडात मासा धरून ते पाण्यातून कसं वर येत असेल? डोकं कसं झटकत असेल? एकदा — फक्त एकदा बघायचंय. आपण काढतो ते खरंच असतं, एवढंच बघायचंय.

१० मार्च

"नाही" अजून कळवलं नाही. उद्या.

११ मार्च

आईंनी फोन ऐकला होता! आज दुपारी औषध देताना म्हणाल्या, "जाणार नाहीस ना?"

"कशी जाऊ?"

"पायांनी. तुझे धड आहेत. तीन दिवसांत मी काही मरत नाही. आणि मेलेच, तर तू इथं बसून काय करणार होतीस? माझं चित्र काढणार होतीस?"

"आई, काहीतरीच!"

"माझ्या लेकीला फोन लावून दे. आणि दार लोटून जा."

बराच वेळ बोलत होत्या. मी परत आत गेले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "ती नेतेय मला. तू निघ."

१६ मार्च

वन्सं गाडी घेऊन आल्या. औषधांच्या वेळा सांगितल्या. आईंना कुशीवर कसं वळवायचं ते सांगितलं — आधी गुडघ्यामागे हात घालायचा, मग पाठीला. मग पुन्हा सांगितलं. शेवटी वन्सं म्हणाल्या, "वहिनी, माझीच आई आहे हो ती!" लाजले.

आई पुढच्या सीटवर नवरीसारख्या ऐटीत. काच खाली करून म्हणाल्या, "कोरडी परत येऊ नकोस."

१७ मार्च, नदीकाठी

काही नाही. दगडावर माशांच्या खवल्यांनी भरलेली शी फक्त. वनरक्षकानं ती दागिना दाखवावा तशी दाखवली. लेखक झाडाखाली घोरत होते. आईंनी औषध घेतलं असेल का? इथं फोन लागत नाही.

१८ मार्च

दिसली!!

सकाळी. आधी पाण्यावर बुडबुड्यांची एक रेघ. मग चपटं डोकं. आई आणि दोन पिल्लं! आई दगडावर चढली आणि कळलं — मी इतके दिवस चकाकी रंगवत होते. ओल्या केसांच्या टोकटोक बटा होतात, न्हाऊन आलेल्या पोरासारख्या. मिशीच्या प्रत्येक केसाला थेंब.

एक पिल्लू आपणहून पाण्यात गेलं. दुसरं काही केल्या जाईना. काठावर बसून टाहो फोडत होतं. आईनं मानगूट धरली आणि ओढलंच आत! बुडालं, वर आलं, फुरफुरलं — आणि पोहायला लागलं.

चित्रवही उघडलीच नाही. रडले, तेही नदीला ऐकू जाईल असं. संपादकबाईंनी नुसता पाठीवर हात ठेवला.

पहिला विचार हाच आला — आईंना सांगायला हवं. उशी नाही, आई! अजिबात उशी नाही!

१९ मार्च

घरी. आल्या आल्या काढायला बसले. पाणमांजर ओलं झालं! माझ्या हातून!

आईंना फोन केला तर वन्सं म्हणाल्या, झोपल्यात, उद्या बोलतील. पलंगाची चादर बदलून ठेवली.

२० मार्च

आईंचा फोन. मी नदीचं सगळं सांगितलं. पिल्लाचंही. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अगं, मी आता इथंच राहते."

मला वाटलं थट्टा. म्हटलं, "बरं, उद्या येते न्यायला."

"येऊ नकोस. निघतानाच ठरवून निघाले होते. पुष्कळ उचललंस मला. आता तुला सुटी."

"पण आई, मी कुठं मागितली होती सुटी?"

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही.