उशिराची अंडी

३ मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहितेय. तुझ्या छकुलीला जाऊन तीन महिने झाले. तू पुन्हा कोंबड्यांच्या हॅचरीत कामाला जायला लागलीस, असं दादा म्हणाला. बरं केलंस.

सांगायला लाज वाटते, पण डासाच्या तापाने पोर गेली आणि मी इथे प्रयोगशाळेत डास जगावेत म्हणून जिवाचं रान करतेय. ताप न पसरवणारा डास घडवायचा, तर अंड्यातच सुई टोचून जनुक बदलावं लागतं, तेही अंडं काळं पडून टणक व्हायच्या आत. सुई बदलली, कोन बदलला. तिसऱ्या दिवशी पाण्यात सोडते, संध्याकाळी अळ्या मोजते, न फुटलेली अंडी फेकते. शंभरात चार जगतात. महिनाअखेर पंधरा झाल्या नाहीत तर काम बंद, असं साहेब म्हणाले.

दोन ओळी तरी लिही. माया आहेच, ती कळू दे.

तुझी,
शेंडेफळ

११ मार्च

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

मी बरी आहे. जेवते, झोपते. काही वाटत नाही.

संध्याकाळी फेकतेस ते चुकतंय. आमचा सुपरवायझरही एकविसाव्या दिवशी न फुटलेल्या अंड्यांचे ट्रे उचलून फेका म्हणतो, मी रोज त्याच्याशी भांडते. हादरा बसलेलं अंडं मागे पडतं, मेलेलंच असतं असं नाही. आणखी एक दिवस दे. एवढी शिकलीस, पण अंड्यांतलं मलाच विचारायचं.

जपून राहा, लोभ ठेव.

वहिनी

२२ मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दुसऱ्या दिवशी आणखी तेरा निघाल्या! शंभरात सतरा! साहेबांनी चष्मा पुसून दोनदा मोजल्या. काम चालू राहणार. इतके दिवस मी जिवंत अंडी फेकत होते, वहिनी. आता एक दिवस थांबायचं, असा नियमच केलाय.

तुझे उपकार फेडणार नाही, लोभ मात्र वाढव.

शेंडेफळ

३० मार्च

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. रडू आलं नाही.

दवाखान्यात चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता छकुलीचं श्वासाचं मशीन काढू या. तुझ्या दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं. थांबून काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते मलाही कळतं. पण पिल्लांसाठी रोज भांडणारी मी, तिच्यासाठी एक दिवस मागितला नाही. हे तुझ्या दादाला अजून बोलले नाही.

त्या तेरांचे डास झाले की कळव. किती जगले ते नक्की लिही.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

वहिनी