तळपायावरच्या टोचण्यांचा खुलासा

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
सरकारी आरोग्य केंद्र,
करांगतिंता, मध्य जावा.

विषय : नसांच्या तपासणीसाठी शहरातील रुग्णालयाची शिफारस चिठ्ठी पुन्हा न नाकारण्याबाबत.
संदर्भ : माझ्या केसपेपरवरील 'मानसिक ताण' हा आपला शेरा.

महोदया,

१. मी वार्सिती, तुगिमान यांची पत्नी. बाटिकच्या कापडावर मेणाने नक्षी काढते. ईदपासून माझ्या तळपायांना मुंग्या येतात, आग होते, आणि उजव्या हाताची बोटे मधूनच बधिर होतात. एकदा गरम मेण बोटावर सांडले, ते शेजारीण कारमी ओरडली तेव्हा मला कळले. सर्व तपासण्या निर्दोष आल्या. त्याने आपले समाधान झाले, माझे नाही.

२. आपण गुडघ्यावर हातोडी मारलीत. गुडघ्याबाबत माझी तक्रार नव्हती. मग आपण म्हणालात, "काकू, डोक्यातून काढून टाका, पाय आपोआप बरे होतील," आणि सिस्टर हसल्या. त्या का हसल्या, याचा लेखी खुलासा मिळावा.

३. त्यानंतर दुपारच्या झोपेतून उठल्यावर तळपायावर सुई टोचल्यासारखे लाल ठिपके दिसू लागले. आमच्याकडे अशा वेळी माणूस डॉक्टरआधी वैरी शोधतो. करणीचा संशय मी कारमीवर घेतला. तिने पाठवलेल्या टेंपेच्या, आंबवलेल्या सोयाबीनच्या, वड्या मी कोंबड्यांना घातल्या. कोंबड्या टुणटुणीत आहेत. मांत्रिकाने माझ्या पायांवरून अंडे फिरवून फोडले व त्यातून खिळा काढला. खिळा कोरा होता, दुकानातले तेलसुद्धा पुसलेले नव्हते. तरीही मी कारमीशी बोलणे टाकले. ती कुंपणापलीकडून विचारायची, "अगं, मी काय घोडं मारलंय तुझं?"

४. गेल्या शुक्रवारी दुपारी मी डोळे मिटून नुसती पडले होते. हुंदका ऐकू आला म्हणून पाहिले, तर पती पायाशी बसलेले, आणि शिवणाची सुई माझ्या तळपायात. मला काहीही जाणवले नव्हते. ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई म्हणतात काही नाही. मला वाटलं, कामाचा कंटाळा आलाय तुला, सोंग करतेस. झोपेत तरी पाय ओढून घेशील. रोज वाटायचं, आज ओढशील. तू हललीच नाहीस गं."

५. मला फार राग आला व फार रडू आले. परंतु माझ्या म्हणण्याला आजवर साक्षीदार नव्हता, तो घरातच मिळाला. त्यांचे निवेदन सोबत जोडले आहे. कारमीची मी माफी मागितली आहे.

६. तरी चिठ्ठी द्यावी, व ती पाकिटात बंद करू नये. मला वाचता येते. शहरात नसांची तपासणी सुया टोचून करतात असे ऐकते. माझी हरकत नाही. मात्र मी जागी असताना, मला विचारून टोचावे. आणि मी ओरडलेच, तर कोणी घाबरू नये. मला आनंद झालेला असेल.

आपल्या चिठ्ठीची व सिस्टरांच्या खुलाशाची वाट पाहणारी,
वार्सिती
(सही डाव्या हाताने केली आहे, संशय घेऊ नये.)
दिनांक : ८ सप्टेंबर

सोबत : पतीचे निवेदन, सुई, मांत्रिकाचा खिळा.