हॉलमध्ये हात वर न केलेल्या सुनेच्या एक्स-रेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
रुग्ण-किरण सुरक्षा तक्रार कक्ष, धुळे.

विषय : सून रत्ना हिला एक्स-रे काढताना किती किरण दिले, तो आकडा शुक्रवारपूर्वी मिळणेबाबत.
संदर्भ : ‘तक्रार निकाली’ असे कळविणारे आपले पत्र.

महोदय,

“पोटुशी बाई कोन शे? हात वर करा!” खासगी केंद्रातील एक्स-रेवाले झुलालभाऊ यांनी भरल्या हॉलमध्ये ही आज्ञा केली. गच्चीवर मिरच्या वाळवताना पडून कंबर दुखावलेली माझी सून रत्ना तेथे बसली होती, शेजारी तिचे चुलतसासरे पंडितआबा. आमच्यात तीन महिने भरेपर्यंत ही गोष्ट घरच्या पुरुषांच्याही कानी घालत नाहीत. तिने पदर तेवढा पुढे ओढला. कंबरेचा फोटो निघाला.

बाहेर आल्यावर तिने दिवस गेल्याचे मला सांगितले. मी परत जाऊन किती किरण दिले ते हळूच विचारले, तर झुलालभाऊ साऱ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “तवय तोंडमा मूग धरेल व्हतात का? आते पाडी टाका!” माझा मुलगा गोपाल याने ते मनात धरले. शुक्रवारी तो रत्नाला त्याचसाठी दवाखान्यात नेणार आहे. तिला मूल हवे आहे. डॉक्टरबाई म्हणतात, एवढ्या एका फोटोवरून पाडायचे कारण सहसा नसते. केंद्राने आकडा दिला, तर त्या तसे लेखी द्यायला तयार आहेत. केंद्र दाद देत नाही.

आपण लिहिता की, जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या मार्गदर्शनानुसार रुग्णास विचारणा झाली आहे. बाईला विचारा असे त्यांनी म्हटले असेल. दवंडी पिटा म्हटले का? शिवाय रत्नाने हात वर न केल्याचा पुरावा आपण दोन साक्षीदारांसह मागता. न उचललेल्या हाताला साक्षीदार कुठून आणू, साहेब? आपली लेक त्या बाकावर बसवा, मग तक्रार निकाली काढा.

महादेवाला बेल वाहिल्याशिवाय मी पाणी घेत नाही आणि कोणाला शाप देत नाही. यातले दुसरे व्रत आपण अवघड करून ठेवले आहे.

आकड्याचा कागद हाती येईपर्यंत तुला कोणी नेणार नाही, असा शब्द मी रत्नाला दिला आहे. म्हणून हा अर्ज टपालात टाकत नाही. पूजा उरकली आहे; सोनगीरहून पहिल्या एसटीने तो घेऊन निघते. आपल्या दाराशी बसेन. आवाज चढवणार नाही, उठणारही नाही.

अजून तरी नम्र,
कुंदाबाई तोताराम बोरसे
सोनगीर, दि. १३ मे २०२५