चिंचोक्यांचा कौल

सोलापूर, १७ ऑगस्ट १९३७

प्रिय मथू,

दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट तसंच ठेवून देऊ नकोस. अकलूजची हवा तुला मानवते ना? गुडघे कसे आहेत?

मुंबईत नवं मंत्रिमंडळ आलं, म्हणून सध्या मुलींना राज्यकारभार शिकवते आहे. काल फळ्यावर इंग्लंड आणि अमेरिका अशा दोन बाजू आखल्या आणि कॉन्व्हेंटमधला आपला वादविवाद आठवला. मी म्हणाले होते, चार वर्षं प्रेसिडेंटला सहसा कुणी हलवू शकत नाही, म्हणून तो निर्धास्त काम करतो. तू म्हणालीस, पार्लमेंटचा विश्वास उडाला की प्रधानाला उतरावंच लागतं, म्हणून तो लोकांचं ऐकून घेतो. सिस्टरांनी बक्षीस मला दिलं. रेशमी धाग्यांच्या त्या पेटीतले अर्धे धागे तुला देईन म्हणाले होते, दिले मात्र नाहीत.

पुढे आपण भगिनी मंडळ काढलं, तेव्हाही नियम मीच लिहिले. अध्यक्षबाई पाच वर्षांसाठी, मधे कुणी काढायचं नाही. तू एवढंच म्हणालीस, “सारजे, दार आतून लावून घेतेस गं.” मी हसले.

मग गिरणीतल्या बायकांचा दुपारचा वाचनवर्ग मी बंद केला. मोठ्या घरच्या बायकांना भरतकामासाठी तीच खोली हवी होती. तू सभा बोलावलीस. लिहिता न येणाऱ्यांसाठी चिंचोक्यांनी मत द्यायची युक्ती तुझीच. माझ्याविरुद्धचा तांब्या गळ्यापर्यंत भरला, माझ्या बाजूच्या तांब्यात तीन चिंचोके. मी नियमाची वही उघडून दाखवली आणि खुर्चीत बसून राहिले. गिरणीतली अंबुबाई पदर खोचत म्हणाली, “बाई, तुमी हलनारच न्हाई, तर आमाला चिंचोके कशाला टाकाय लावले? भाजून तरी खाल्ले असते की!” सगळ्या हसल्या. तू हसली नाहीस. चपला घालून निघून गेलीस.

भरतकामाला आता चौघी येतात. अंबुबाई रस्त्यात भेटली तर नमस्कार करते, थांबत नाही.

राजीनामा लिहिला होता, फाडला. तोही माझ्या एकटीचाच हुकूम झाला असता. म्हणून सभेचा विश्वास उडाला की अध्यक्षबाईंनी उतरायचं, हा तुझा नियम येत्या रविवारी सभेपुढे ठेवते आहे. गिरणीतल्या बायकांना घरोघरी जाऊन बोलावणं केलं. नियम मंजूर झाला, की पहिला ठराव माझ्याविरुद्धचा. पटावरचं तुझं नाव मी कधीच खोडलं नाही. ये, मथू. पहिला चिंचोका तू टाक. फक्त टाकताना एकदा माझ्याकडे बघ.

धाग्यांची पेटी काढून ठेवली आहे. उशिरा शहाणी झालेली

तुझीच
सारजा