ताठ काठी, हलकी काठी

प्रिय रोझेल,

काल ओडेसाच्या दुकानात तुझ्यासाठी गळाची काठी बघत होतो. तास झाला तरी ठरेना. शेवटी ओडेसाच वैतागून म्हणाली, "एमेट, अरे बायकोसुद्धा तू एवढी पारखून केली नसशील!"

मागच्या मार्चमधला तो बास मासा डोक्यातून जात नाही. आठ पौंडांचा तरी होता. चूक माझी. काठी मी दिली होती, वेतासारखी लवचीक. तू हिसका दिलास, काठी नुसतीच वाकली, आणि मासा जलपर्णीच्या मुळांत घुसून दोरा गुंडाळून बसला. तू अशा काही शिव्या घातल्यास, की शेजारच्या नावेतल्या पाद्रीबाबांनी टोपी काढून छातीशी धरली.

म्हणून या वेळी ताठच काठी घ्यायची, साडेसात फुटी, जाड विणीच्या दोऱ्याची. गळ लागला की माशाला मान वळवू द्यायची नाही, गवतासकट वर खेचायचा. ओडेसाने तशी काढून दिली आणि विचारलं, "कुणासाठी? ही दिवसभर फेकायची तर खांदा धड हवा बरं."

"रोझेलसाठी," मी म्हटलं.

तिने हातातली काठी परत जागेवर ठेवली. मग तिने दुसरी आणली, तितकीच ताठ पण वजनाला हलकी. म्हणाली, "डाव्या हाताने फेकून बघ." मी दुकानातच फेकल्यासारखं केलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा फेकायच्या आधीच काठी तिथे टेकवून बाहेर आलो. ती तिने बाजूला ठेवलीय. तू स्वतः धरून बघेपर्यंत कुणाला विकणार नाही म्हणते.

फोनवर तू म्हणतेस, "मी मस्त आहे, बाबा." वादळानंतर विजेच्या तारा जोडताना खांबावरून पडलेलं माणूस तीन आठवड्यांत मस्त होत नाही, एवढं मला कळतं. फोन ठेवल्यावर तुझा आवाज आठवून मी अंदाज बांधत बसतो. घास उतरत नाही. कुत्रीसुद्धा ताटाकडे न बघता माझ्याकडेच बघत बसते.

गाडी बिघडली म्हणून येता आलं नाही, असं तुला सांगितलं ना, ते खोटं होतं. मंगळवारी मी आलो होतो. पाच तास गाडी हाकून, पार इस्पितळातल्या तुझ्या खोलीपर्यंत. दार अर्धवट उघडं होतं. तू डाव्या हाताने शर्टाचं बटण लावत होतीस. उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. बटण निसटलं. तू पुन्हा लावायला घेतलंस. आणि मी मागे फिरलो. तुझी आई गेली तेव्हाही मी असाच बाहेर उभा राहिलो होतो. तू त्यावरून मला एका शब्दानेही कधी बोलली नाहीस.

फोनवर हे सांगायला जीभ रेटली नसती, म्हणून लिहितोय. शनिवारी सकाळी पुन्हा निघतोय. दाराशी घुटमळताना दिसलो तर नुसती हाक मार, पोरी. मी आत येईन.

तुझाच,
बाबा