गुरुवारचा मोकळा रस्ता

सोमवार, संध्याकाळ. कुरुळी.

डोकं अजून तडकलेलंच आहे. चौकातला रस्ता रुंद करायचा की नाही, यावर आज ग्रामपंचायतीत बैठक होती. रस्ते खात्याच्या साहेबांनी पडद्यावर चौकाचा फोटो लावला. रस्ता रिकामा, आणि मधोमध एक कुत्रं निवांत झोपलेलं! म्हणे, पाहणीत वाहनं कमीच दिसली, पुढे वस्ती वाढली तरी हाच रस्ता पुरेल.

"पाहणी कधी केली, साहेब?" मी विचारलं.

"गुरुवारी."

इथे कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, हे शेंबडं पोरही सांगेल. एरवी त्या चौकात पाय ठेवायला जागा नसते. सगळे एकदम बोलायला लागले, तर साहेब म्हणाले, "आता अहवाल वर गेलाय." मग आम्हाला बोलावलं कशाला?

शेजारची शबाना माझ्यामागेच उभी होती. तिचा नवरा, गॅरेजवाला सलीम, गेल्या महिन्यात याच चौकात गेला. छातीत कळा येत होत्या, रिक्षा ट्रकांमध्ये अडकलेली, आणि दवाखाना समोर दिसत होता.

मी तिचा हात धरला. ती पडद्यावरच्या त्या कुत्र्याकडेच बघत होती.

"ताई," ती हळूच म्हणाली, "आमच्या यांनी गुरुवारपर्यंत दम धरायला पाहिजे होता."